कस्टर्डची दुसरी बरणी

प्रिय डावऱ्या,

दचकलास ना? या नावानं हाक मारणारं आता तुझ्या आजूबाजूला कोणी उरलं नसेल. आता तू ‘सर’, ‘डॉक्टरसाहेब’, आणि परवा टीव्हीवर ती निवेदिका म्हणाली तसा ‘आपल्या ताटाचा पहारेकरी’. पहारेकरी! मी नेमका चहाचा घोट घेतला होता, तो नाकात गेला. तुला जन्मभराच्या कामगिरीबद्दल मोठा सन्मान मिळणार आहे, हेही तिनंच सांगितलं. तू आपला मान किंचित झुकवून, केवढा तो विनय, म्हणत होतास की ही सगळी त्या एका प्रकरणाची पुण्याई, माझी वाट तिथून सुरू झाली. डोक्यावरचे केस गेले तुझे, पण पेन अजून तसंच धरतोस, मनगट वाकडं करून, डाव्या हातात. अभिनंदन. ते मनापासून आहे की नाही हे पत्र संपेपर्यंत कळेलच. फक्त मधेच फाडू नकोस. नावडतं वाचायचंच नाही ही तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे.

माझं म्हणशील तर मी होते तिथंच आहे. तीच प्रयोगशाळा, तोच अंधारा जिना, फक्त आता साहेबांच्या खोलीत मी बसते आणि त्यांची ती कुरकुरणारी खुर्ची माझ्या वजनानं जरा जास्तच कुरकुरते. लग्न केलं नाही हे तुझ्या कानावर आलं असेल. त्यात आपला काही वाटा आहे असं समजून उगाच फुगू नकोस. काम तेच. कुठं एखाद्या कॅन्टीनमधले सगळेच्या सगळे आडवे झाले की बरण्या आमच्याकडे येतात. लोकांच्या उलट्या-जुलाबांवर माझं घर चालतं असं मी घरी आलेल्या पाहुण्यांना सांगते, म्हणजे ते वेळेवर उठतात. मात्र आपल्या वेळचं ते जंतू वाढवलेल्या काचेच्या प्लेटी डोळे फोडून बघत बसणं आता राहिलं नाही. हल्ली आम्ही जंतूची जनुकं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढतो. तेव्हा आपल्याला दोन साल्मोनेला, म्हणजे हे पोट बिघडवणारे जंतू, एकाच जातीचे आहेत एवढंच सांगता यायचं, म्हणजे दोघांचं आडनाव एक, इतकंच. आता कोण कोणाचा सख्खा भाऊ आणि कोण नुसता आडनावबंधू हेही कळतं. हे मी तुला का शिकवत बसले आहे? तुला सगळं माहीतच आहे. तरी ध्यानात ठेव, पुढे लागेल.

डावऱ्या हे नाव मी ठेवलं ते अगदी सुरुवातीला. तू माझ्या उजव्या हाताला येऊन बसलास, आपली कोपरं एकमेकांवर आपटली आणि नळीतलं सगळं पाणी माझ्या कोऱ्या कोटावर. सॉरी म्हणायचं सोडून तू हसतच सुटलास. मग मी उठून तुझ्या पलीकडे जाऊन बसले, पुढे जेवतानाही तशीच बसायला लागले, आणि लोक काय समजायचं ते समजले. तुझं सगळंच उलटं. कात्री उलटी, डब्याचं झाकण फिरवणं उलटं, माझ्या वाढदिवसाच्या भेटीवरची चिकटपट्टीसुद्धा उलट्या बाजूनं गुंडाळलेली. तिचं टोक सापडेपर्यंत माझ्या नखांची वाट लागायची, आणि तू मजा बघत उभा. तेव्हा मला त्या पट्टीचंही कौतुक होतं. आता लिहितानाच अंगावर काटा येतो.

आणि सगळ्यात मोठी पंचाईत रॅकची. नळ्यांचा रॅक कसा लावलेला असायचा ते आठव. तपासायचे नमुने डावीकडून ओळीनं, आणि अगदी उजव्या टोकाला कंट्रोल, म्हणजे ज्या नळीत आपणच मुद्दाम ओळखीचा साल्मोनेला घालायचो, तपासणी नीट चालली आहे ना हे बघायला. प्राणिसंग्रहालयातल्या एका म्हाताऱ्या कासवाच्या पोटातून काढलेला तो जंतू, म्हणून अख्खी प्रयोगशाळा त्याला ‘कासव’च म्हणायची. कासव उगवलं का, असं साहेब आल्या आल्या विचारायचे. पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम हाच, की कासवाला हात सगळ्यात शेवटी लावायचा, नाहीतर त्याचा एखादा कण नमुना उचलायच्या तारेला चिकटून दुसऱ्याच्या प्लेटवर जायचा. उजव्या हाताच्या माणसाला ते आपोआप जमायचं. तू मात्र उजवीकडून सुरू करायचास. साहेब एकदा बोलले, दोनदा बोलले, तू हो हो म्हणालास आणि विसरलास. मग मी काय करायचे ठाऊक आहे? तू यायच्या आधी गुपचूप तुझा रॅक फिरवून ठेवायचे. कासव डाव्या टोकाला, म्हणजे तुझ्या हाताला ते शेवटीच लागायचं. रोज. तुला कधी कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. प्रेमात माणूस काय काय करतो, त्यातलं हे एक.

आता आईकडे येते. मुलींच्या निवासी शाळेत ती मुख्य स्वयंपाकीण होती, आणि त्या स्वयंपाकघरातली तुझी जागा तुला आठवत असणारच, खिडकीखालचं लाकडी स्टूल. दाराशी साबण, भिंतभर उलटी टांगलेली पातेली, आणि आत पाऊल टाकणाऱ्याला, मग ते मुख्याध्यापक का असेनात, आधी हात धुऊन या म्हणणारी आई. आपलं लग्न ठरल्यावर तू सुटीच्या दिवशी हक्कानं तिथं यायचास. ती तुला जावईबापू म्हणायची, अजून झाला नव्हतास तरी, आणि कस्टर्डच्या पातेल्याची खरवड तुझ्यासाठी राखून ठेवायची. त्या खरवडीवरून तुझी आणि चमचीची भांडणं. चमची म्हणजे शाळेतली सगळ्यात लहान, पुढचे दात पडलेली पोरगी. कस्टर्ड वाढलं की वाटीत वरून चॉकलेटची पावडर भुरभुरायची, अशी तिथली पद्धत. ही वाटी पुढे करून म्हणायची, मावशी, अजून एक चमचा. म्हणून ती चमची. आई तिच्यावर डोळे वटारायची आणि चमचा द्यायची. दर वेळी.

मग तो आठवडा आला. मुली एकामागून एक तापानं फणफणल्या, पोटं धरून बसल्या, न्हाणीघराबाहेर रांग लागली. आई मीठ-साखरेचं पाणी करून एकेकीच्या तोंडाला लावत होती. बाकीच्या सगळ्या उठल्या. चमची उठली नाही. इवलासा जीव, तो किती सोसणार? आईनं तिचे मोजे धुऊन वाळत घातले होते. ते कितीतरी दिवस दोरीवरच राहिले, काढायचं कोणाला धाडसच झालं नाही.

नमुने आपल्याकडेच आले. पाणी, दूध, भाजी, आणि पातेल्यात उरलेलं कस्टर्ड दोन बरण्यांत भरून. एक बरणी तपासायला, दुसरी सीलबंद, कोणी शंका घेतलीच तर उघडायला. स्वयंपाकीण माझी आई, म्हणून साहेबांनी मला खोलीबाहेर काढलं. बरोबरच केलं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. खाली बातमीदार जमलेले, साहेब तुझ्या डोक्यावर उभे, फोन ठणाणा वाजतोय, आणि तू घाईघाईनं रॅक पुढे ओढलास. कस्टर्डची नळी सगळ्यात शेवटी आली म्हणून कासवाच्या शेजारी होती. मी तुझ्या मनगटाकडे बघत होते. काय झपाझप हात चालतो याचा, असं माझ्या मनात आलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी प्लेटी बाहेर आल्या. पाणी साफ, दूध साफ, भाजी साफ. कस्टर्डच्या प्लेटवर मात्र काळे ठिपके, आणि जात तीच, जी मुलींच्या पोटात सापडली होती. झालं! शोध तिथंच संपला.

चौकशी शाळेच्या सभागृहात झाली. आई पहिल्या रांगेत बसली होती, धुतलेले हात मांडीवर ठेवून. तू उभा राहिलास आणि ज्या आवाजात खरवड मागायचास त्याच आवाजात तिला विचारलंस, आई, उकळलं होतं ना नक्की? ती म्हणाली, उकळलं होतं रे बाळा. तू मान हलवलीस आणि लोकांकडे वळून म्हणालास, माणसाची आठवण चुकते, प्लेट चुकत नाही. मग मागून कोणीतरी विचारलं, दुसरी बरणी उघडली का? तू म्हणालास, गरज पडली नाही, पहिलीच इतकी स्पष्ट आहे. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे, तूही आठव. बाहेर पडताना चमचीच्या आईनं माझ्या आईकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं आई अजून म्हणते.

आईची नोकरी गेली, ती जाणारच होती. पण त्या दिवसापासून आईनं दुसऱ्या कोणासाठी गॅस पेटवला नाही. स्वतःपुरतं काहीतरी शिजवते आणि एकटी बसून खाते. मला वाढत नाही. भाची आजी आजी करत तिच्या गळ्यात पडते, तर तिला पेलाभर पाणीसुद्धा देत नाही, तुझं तू घे म्हणते. ‘आजीच्या हातचं’ म्हणजे काय हे त्या पोरीला माहीतच नाही. आणि हात धुते. धुतलेले पुन्हा धुते. थंडीत बोटांना चिरा पडतात, मी मलम लावते, माझी पाठ वळली की ती मलमही धुऊन टाकते. चमचीच्या वयाची मुलगी रस्त्यानं दिसली तर पलीकडच्या बाजूला जाते. आपल्या हातानं एक लेकरू मेलं, हे तिनं मान्य करून टाकलं आहे. का, तर तू सांगितलंस म्हणून.

आणि तू? तू म्हणालास, लग्नाचं नंतर बघू, जरा दिवस जाऊ देत. दिवस गेले, तूही गेलास. मोठी नोकरी, मग पुस्तक, पुस्तकात त्या कस्टर्डवर पानंच्या पानं. मधे एका परिषदेत तू मला भेटलास, आठवतंय? हातात केकची बशी, तोंडात घास, आणि तसंच विचारलंस, आई कशी आहे? मी म्हणाले, बरी आहे. घास गिळायलाही थांबला नाहीस, त्यामुळे खरं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. पण तेही मी पोटात घातलं असतं. पुढे एक मुलगा आमच्याकडे कामाला लागला, तुझ्या हाताखाली शिकलेला. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मोठ्या हौशीनं तुझ्या वर्गातली गंमत सांगितली, की सर कमरेवर हात ठेवून, बारीक आवाज काढून त्या स्वयंपाकिणीची काय नक्कल करतात, उकळलं होतं रे बाळा! आणि अख्खा वर्ग हसतो. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ती अजून उतरलेली नाही, आणि मी उतरू दिलेलीही नाही.

आता फ्रीझरचं ऐक. आम्ही नव्या इमारतीत जातो आहोत, म्हणून तो जुना डीप फ्रीझर मोकळा करायचा होता. तळाशी त्या प्रकरणाचा डबा निघाला, बर्फानं पार माखलेला. मुलींच्या पोटातले जंतू, कस्टर्डातला जंतू, सगळे बारक्या कुप्यांमध्ये झोपलेले. मी त्यांना जागं केलं आणि वाचून काढलं. तेव्हा मनात काही वाईट नव्हतं, आईची शपथ. मला फक्त बघायचं होतं. मुलींचे सगळे जंतू एकमेकांचे सख्खे भाऊ निघाले. कस्टर्डातला त्यांच्यातला नव्हताच, नुसता आडनावबंधू. मग हा आला कुठून? आमच्या साठ्यातला एकेक जंतू मी त्याच्याशेजारी लावून बघितला, आणि एकाशी तो अक्षर न् अक्षर जुळला. कासव! माझ्या आईच्या कस्टर्डात प्राणिसंग्रहालयातलं कासव पोहत होतं रे डावऱ्या. मी साहेबांच्या त्या खुर्चीत बसून हसले, इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या मुली धावत आल्या. हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते त्या बिचाऱ्यांना कळलं नाही.

त्या दिवशी तुझा रॅक कोणी फिरवला नव्हता. फिरवणारी काचेच्या दाराबाहेर उभी होती. तू सवयीप्रमाणे उजवीकडून सुरुवात केलीस, आधी कासव, मग घाईत जंतू मरतील इतकी न तापवलेली तीच तार कस्टर्डात. म्हटलं, ही चूक झाली. डोक्यावर लोक उभे असले की कोणाचीही होईल. खोटं कशाला सांगू, मी तुला एक सौम्य पत्र लिहायला घेतलं होतं. त्यात तुझा तरी काय दोष, असं एक वाक्यही होतं. माझ्यासारखी खुळी मीच. कारण डबा उचलल्यावर त्याच्याखाली दुसरी बरणी निघाली.

ती सील करणारा निरीक्षक उजव्या हाताचा होता, त्याची पट्टी सगळ्या जगाची असते तशी गुंडाळलेली. ती पात्यानं सरळ कापलेली होती. तिच्यावरून दुसरी पट्टी होती. तिचं टोक मला सापडेना. सापडेना म्हणून नख घातलं, नख तुटलं, आणि मग लक्षात आलं. उलट्या बाजूनं गुंडाळलेली पट्टी. तुझ्या इतक्या भेटी सोडवल्या आहेत मी! आपल्या प्रयोगशाळेत दुसरा डावरा कोणी नव्हता. आतलं कस्टर्ड एका कोपऱ्यातून चमच्यानं काढून घेतलेलं दिसत होतं. म्हणजे तू बरणी उघडलीस, तपासलीस, आणि काहीही उगवलं नाही. हे मी कशावरून म्हणते? मीही आता तेच कस्टर्ड तपासलं. पुन्हा तपासलं, दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही तपासून घेतलं. काही म्हणजे काही नाही. आईनं उकळलं होतं. तुला तेव्हाच कळलं, आणि तू पट्टी लावून बरणी तळाशी ढकललीस आणि मूग गिळून बसलास. चौकशीआधी उघडली असशील तर सभागृहात खोटं बोललास, नंतर उघडली असशील तर जन्मभर. फेकून का दिली नाहीस, याचाही मी विचार केला. नमुना टाकायचा नाही, हा आपला दुसरा नियम. तो बरा पाळलास!

आणि तुझ्या गप्प बसण्याचं पुढे काय झालं तेही ऐकून घे. कस्टर्डवर भुरभुरायच्या त्या चॉकलेटच्या पावडरीवर कोणाची नजर गेली नाही. कोरड्या डब्यात जंतू कसला जगतो, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. पण शोध चालू राहिला असता तर डबा समोर फळीवरच होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातल्या वृद्धाश्रमात माणसं आजारी पडली, त्यातली काही गेली. तिथल्या लोकांनी चॉकलेटच्या पावडरीचा डबा तपासला, त्यात साल्मोनेला निघाला, आणि कारखान्यानं गाजावाजा न करता माल परत घेतला. तो जंतू मी तिथून मागवला. चमचीच्या पोटातल्या जंतूचा सख्खा भाऊ. त्या म्हाताऱ्यांना कोणी मारलं, हे तू ठरव. ताटाचा पहारेकरी ना तू?

तर आता माझा सूड ऐक. हो, सूडच. याहून मवाळ शब्द मी शोधला नाही आणि शोधणारही नाही. हे सगळं मी लेखात मांडलं आहे, बरणीच्या फोटोसकट. लेख स्वीकारला गेला आहे, छापूनही येईल. कासवाची कुपी शिकवण्यासाठी म्हणून सार्वजनिक संग्रहात दिली आहे. ती जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला मागवता येईल, आणि सोबतच्या माहितीत तुझं नाव आहे, आडनावासकट. तू म्हणायचास ना, एक दिवस माझं नाव पोरं पाठ करतील? करतील की. जिथं जिथं एखादी नवी मुलगी कोट घालून पहिल्यांदा रॅकसमोर बसेल, तिथं तिला सांगतील, कंट्रोल शेवटी, आणि का ते सांगताना तुझं नाव घेतील. आणि वर्ग हसेल. माझ्या आईला हसला त्याहून मोठ्यानं हसावा, एवढीच माझी इच्छा आहे. सन्मान देणाऱ्यांनाही एक प्रत गेली आहे, त्यांनी त्यांचं बघावं. तू आता फोन करशील, ओळखी काढशील, जुन्या दिवसांची आठवण देशील. काही उपयोग नाही. मी सौदा करायला हे लिहीत नाही.

मग पत्र कशाला लिहिलं? सांगते, आणि हे लिहिताना मला दातओठ खावे लागताहेत. आईला मी सगळं सांगितलं, फक्त पावडरीचं सोडून. कासवाचं सांगितलं, बरणी दाखवली, लेखही पावडरीचा भाग गाळून वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू माझी मुलगी, तू असंच म्हणणार. त्या पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि माझ्या हातचं खाल्लंय त्यानं, तो कशाला खोटं बोलेल? बघ, आजही तिचा माझ्यापेक्षा तुझ्यावर विश्वास आहे. म्हणून तू ये. सन्मान मिळो न मिळो, आधी इथं ये, घरच्या स्वयंपाकघरात तिच्यासमोर स्टुलावर बस आणि तुझ्या तोंडानं सांग, की कस्टर्डात काही नव्हतं, चूक माझी होती, मला कळली होती आणि मी गप्प बसलो. ती विचारेल, मग पोर कशानं गेली? बाहेरून आलेल्या मालात होतं म्हण. कुठल्या, असं विचारलं तर आठवत नाही म्हण. पावडरीचं नाव काढायचं नाही. तो जास्तीचा चमचा चमचीला दर वेळी कोणी दिला, हे तुला आणि मला ठाऊक आहे, तिसऱ्या कोणाला कळायचं कारण नाही. माझ्या लेखातही तो चमचा नाही. गप्प कसं बसायचं हे तुला शिकवायला नको, निदान एकदा दुसऱ्या कोणासाठी बस. मग ती उठेल. तिला मी ओळखते, ती तुला तिथल्या तिथं माफ करेल, डोळे पुसेल आणि विचारेल, जेवलास का? नाही म्हण. ती पातेलं काढेल, काय करेल ते करेल, तुला वाढेल, आणि तू ते सगळं खायचंस, खरवडीसकट, माझ्या डोळ्यांदेखत, घास घशाखाली उतरो न उतरो. ती तुला माफ करेल, मी करणार नाही. तुझं खाऊन झालं की उठ आणि निघून जा. त्या स्टुलावर मग मी बसणार आहे, मला कितीतरी वर्षांची भूक लागली आहे.

एके काळची तुझीच,
रॅक फिरवून ठेवणारी